होयबा कंपायलर

बेटेगावच्या नाक्यावर मला अजून विचारतात, "मामा, तुम्ही कंपनीत नक्की काय करायचे?" मी सांगतो, भांडायचो. ते हसतात. हसू द्या. मी खरंच भांडायचो आणि त्याचाच पगार घ्यायचो, फक्त पगाराच्या चिठ्ठीवर तसं लिहीत नसत.

ह्या अंकासाठी मला सांगितलं गेलं की कामातल्या गमतीजमती लिहा, सणाचे दिवस आहेत, हलकंफुलकं असू द्या. मी म्हटलं, गमती ज्यांच्याकडे असतील त्यांच्याकडून घ्या, माझ्याकडे राग आहे. तो छापायची तयारी असेल तर लिहितो. ते हो म्हणाले. म्हणजे आता त्यांनी आणि तुम्ही तो वाचून घ्यायचा.

मी सातवीपर्यंत शिकलो. पुढे शाळेला मी नको होतो आणि मला शाळा. चिंचणीजवळ आमची चिकूची वाडी. भाऊ बरेच, वाडी एकच, म्हणून मी तारापूर एमआयडीसीत पॅनेलच्या कारखान्यात वायरमन लागलो. पॅनेल म्हणजे कारखान्यात लोखंडी कपाट असतं ना, बाहेर दिवे आणि आत वायरींचं रान, ते. ते काम मला आवडायचं. पुढे शेठनी कपाटाबरोबर त्याचं सॉफ्टवेअरही करून द्यायचं ठरवलं. मग इंजिनीअर आले, एसी आला, दाराबाहेर चपला काढायची पाटी आली. आणि एक कॉम्प्युटर असा आला की ज्याच्यापुढे कोणालाच बसायचं नव्हतं. तो बिल्डचा. शेठ म्हणाले, "मामा, तुम्ही बसा. नुसतं बघायचं. लाल अक्षरं आली की हाक मारायची." बसलो तो रिटायर होईपर्यंत.

बिल्ड म्हणजे काय ते सांगतो. इंजिनीअर जे लिहितात ते मशीनला कळत नाही, ते मशीनच्या भाषेत करावं लागतं. फायली ढीगभर. कुठली आधी करायची, कुठली नंतर, कुठली कोणावाचून अडते, ह्याचे नियम लिहून ठेवायचे आणि मग सगळं एका हुकमाने चालवायचं. ऑफिसात म्हणत, मामाचं काय, बटण दाबायचं काम. बरोबर आहे. स्वयंपाक म्हणजेसुद्धा गॅस पेटवायचंच काम असतं. इंग्रजी मला येत नाही, पण त्या नियमांतला प्रत्येक शब्द मला येतो. जो शब्द रोज अंगावर येतो तो शिकावाच लागतो.

आता भांडणाचं मूळ. कारखान्यात रिअॅक्टर असतो, म्हणजे रसायन शिजवायची बंद टाकी. तिच्याजवळचं मशीन आकडे पाठवतं आणि लांब कंट्रोल रूममधला आमचा बोर्ड ते दाखवतो. जाताना फक्त आकडे जातात, एकामागून एक. कुठला आकडा कशाचा, हे आकड्यावर लिहिलेलं नसतं. आमच्या वाडीतून बोईसरच्या व्यापाऱ्याला फोन जायचा, "बारा, सात, तीन." एवढंच. त्याला ठाऊक की बारा पाट्या मोठा चिकू, सात मधला, तीन बारीक. उद्या कोणी न सांगता क्रम बदलला तर बारीक चिकू मोठ्याच्या भावात जाईल आणि पुढच्या फोनला तो शिव्या घालील. तर असा ठरलेला क्रम ज्या फाईलीत लिहितात तिला ऑफिसात आयडीएल म्हणत. मी कराराची फाईल म्हणतो. त्या फाईलीवरून एक प्रोग्राम कोडचे दोन तुकडे करून देतो, एक बोलणाऱ्यासाठी, एक ऐकणाऱ्यासाठी. त्या प्रोग्रामला म्हणायचं त्या कराराचा कंपायलर. तुकडे त्याने करायचे, माणसाने त्यांना बोट लावायचं नाही.

हे कंपायलर बनवणाऱ्या कंपन्या अनेक. करार सगळे एकच वाचतात, पण चाली वेगळ्या. एक जण आपल्या तुकड्यांना एक नाव देतो, दुसरा दुसरं. एक जण तुकडे कराराच्या शेजारी ठेवतो, दुसरा जिथे उभा असेल तिथेच टाकून मोकळा होतो. एकाला हुकमातली खूण आणि फोल्डरचं नाव चिकटून लागतं, दुसऱ्याला मध्ये जागा सोडून. जागेवरून लोक कोर्टात जातात. मी कीबोर्डवरच्या रिकाम्या जागेवरून भांडलोय.

एक गिऱ्हाईक होते, रंगाच्या कारखान्याचे मालक. त्यांनी कुठूनसा फुकटचा कंपायलर उतरवून घेतला आणि म्हणाले, "मामा, तुमचा पैसेवाला, माझा फुकटचा, काम तेच. बसवून द्या." म्हटलं, काम तेच, नखरे वेगळे. त्यांच्या कॉम्प्युटरवर एका न्यू फोल्डरमध्ये दुसरा न्यू फोल्डर, त्याच्या पोटात तिसरा. नावात रिकामी जागा आली की तो फुकटचा कंपायलर अर्धंच नाव घेऊन शोधत फिरे. मी म्हटलं, फोल्डरची नावं बदला. ते म्हणाले, "कशाला? मला सापडतं की." त्यांना सापडायचं. सगळ्यांचं म्हणणं शेवटी तेच असतं, मला सापडतं की.

आमच्या इंजिनीअरांचीही तीच गत. नियमांत जागोजाग त्या एका कंपायलरचं नाव, त्याने दिलेल्या फायलींची नावं ठोकून बसवलेली. म्हणजे कंपायलर बदलला की सगळं घर उकलायचं. मी वायरमन माणूस. पॅनेलमध्ये आम्ही एक टर्मिनल पट्टी बसवतो. बाहेरून मोटार कुठल्याही कंपनीची येऊ दे, तिची वायर पट्टीवर येणार, पट्टीच्या आतलं पॅनेल हलणार नाही. मी म्हटलं, बिल्डलाही तशी पट्टी पाहिजे. प्रत्येक कंपायलरची वेगळी पट्टी: हा तुकड्यांना काय नावं देतो, कुठे ठेवतो, ह्याला कसं विचारायचं. आतल्या नियमांनी कंपायलरचं नावसुद्धा घ्यायचं नाही. हे पटवायला माझी वर्षं गेली. आणि दुसरा माझा हट्ट, बाहेर जाणारं बिल्ड रिकाम्या फोल्डरपासून करायचं. आधीचं सगळं झाडून. त्याला अर्धा दिवस लागतो म्हणून सगळे माझ्यावर खार खाऊन असत.

शेठचा एक रिवाज इथेच सांगून ठेवतो. दसऱ्याला सगळ्या कॉम्प्युटरना झेंडूचे हार, हळदकुंकू. आणि ज्या कामाचा जोर असेल त्याच्या कराराच्या फाईलीत अगदी वरच्या ओळीवर शेठ स्वतः खुर्चीत बसून मराठीत 'श्री' टाइप करत. ओळीच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा मारल्या की कंपायलर ती ओळ सोडून देतो, हे त्यांना ठाऊक होतं. रेघा मारत, श्री लिहीत, पेढे वाटत. त्यांच्या वडिलांनी पहिल्या पॅनेलच्या आतल्या बाजूला खडूने श्री लिहिलं होतं, तेव्हापासूनचं हे. वर्षानुवर्षं चाललं, कोणाचं काही अडलं नाही.

आता तो प्रकार.

बोईसरला औषधांचा कच्चा माल करणारा एक कारखाना, नाव घेत नाही. तिथे आमचा बोर्ड जुनाच होता. त्यांनी रिअॅक्टरजवळचं मशीन बदललं, परदेशी कंपनीचं घेतलं. त्या मशीनबरोबर त्यांचा स्वतःचा कराराचा कंपायलर आला, आणि करारही थोडा बदलून आला. आधी क्रम होता, तापमान, मग दाब. त्यांनी मध्ये एक आकडा घातला: तापमान, थंड पाण्याचा प्रवाह, मग दाब. बाकीच्या गिऱ्हाइकांकडे जुनंच चालू होतं. म्हणजे एकच बिल्ड दोन्ही कंपायलरवर चाललं पाहिजे. हेच तर मी ओरडत होतो. पट्टी करायला मी वेळ मागितला. शेठनी आठवडा दिला. आठवड्यात पट्टी होत नाही, नुसता गोंद लागतो.

तो गोंद सायलीने लावला. सायली म्हणजे आमची इंजिनीअर, लातूरची, हुशार, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा काम करणारी. तिने काय केलं, नवा कंपायलर चालवायचा आणि त्याने केलेल्या तुकड्यांची नावं बदलून जुन्या कंपायलरची द्यायची. म्हणजे जुने नियम बिनबोभाट चालतील. कंपायलरबरोबर आलेल्या नमुन्याच्या फाईलीवर करून बघितलं, चाललं. मी म्हटलं, हे सोंग आहे. शेठ म्हणाले, "चालतंय ना, मामा?" झाडून करायलाही वेळ नाही म्हणाले. बिल्ड झालं, लाल अक्षर नाही, बोर्डावर चढवलं.

त्या कारखान्याचं वर्षाचं शटडाऊन संपत आलेलं. चालू करायच्या आधी टाक्यांत नुसतं पाणी भरून चाचणी घेतात. सकाळी मला फोन आला तो हरेश्वरचा. हरेश्वर माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, नवापूरचा. त्या कारखान्यात रिअॅक्टरवर ऑपरेटर. ज्या बोर्डाचं मी सांगतोय, त्याच्यासमोर बसायची खुर्ची त्याची.

"भावोजी, तुमचा बोर्ड काय बोलते ते मला कळत नाय."

"काय झालं?"

"मी थंड पाण्याचा वॉल बंद केला, बोर्डावर दाब खाली आला. वॉल उघाडला, दाब वर गेला. टाकीवरचा दाबाचा काटा तसाच हाय, हलत नाय."

"मॅनेजरांना सांगितलंस?"

"सांगितला. बोलतात, काटा जुना झाला, बदलून टाकू."

"कधी बसवलेला काटा?"

"परवा. मीच बसवलाय."

मी फोन ठेवला आणि उठलो. का ते सांगतो. नव्या मशीनकडून दुसरा आकडा येत होता पाण्याचा. आमचा बोर्ड जुन्याच करारावर बसलेला, तो दुसऱ्या आकड्याला दाब समजत होता. रिअॅक्टर तापतो, त्याला थंड पाणी आवरून धरतं. उद्या पाण्याचा पंप बंद पडला तर टाकीतला दाब चढत जाणार आणि बोर्डावर दाब दिसणार शून्य. शून्य दिसलं की माणूस काय करणार? निवांत बसणार. बोर्ड त्याला बस म्हणेल आणि पलीकडे टाकी फुगत जाईल. खुर्चीत बसलेला माणूस माझ्या बायकोचा भाऊ. तो नसता, दुसऱ्या कोणाचा भाऊ असता, तरी तेच. पण तो होता, हे लपवत नाही.

मी शेठच्या केबिनमध्ये न विचारता शिरलो. सायलीही आली. म्हणाली, "मामा, असं होणार नाही. नवा करार मी स्वतः फाईलीत उतरवलाय. कंपायलरने ओके दिलंय."

"ओके दिलं म्हणजे केलं असं नाही."

"मग काय म्हणणं आहे तुमचं?"

"झाडून करा."

शेठ घड्याळाकडे बघत राहिले. मी त्यांचं उत्तर यायच्या आधी जागेवर जाऊन फोल्डर रिकामं केलं. बिल्ड लावलं आणि ते थोडं चालून थांबलं. लाल अक्षरं. कराराचे तुकडेच सापडत नव्हते. ना नव्या नावाने, ना जुन्या.

तेव्हा कळलं. नव्या कंपायलरने आमच्या करारावरून कधी काही बनवलंच नव्हतं. एकदाही नाही. ओके म्हणाला आणि हात झटकून गेला. सायलीच्या गोंदाला नाव बदलायला काही मिळालं नाही, तो गप्प राहिला. आणि फोल्डरमध्ये जुन्या कंपायलरने कधीकाळी केलेले तुकडे पडलेले होते, जुन्या कराराचे, जुन्या नावाचे. नियमांनी ते उचलले. पाण्याचा आकडा आमच्या बोर्डावर दाखवायचा नव्हता, त्यामुळे आमच्या कोडात त्याचं नाव कुठे नव्हतं, त्यामुळे कुठे अडलंही नाही. आमच्याकडे चिकूचं कलम रायणीच्या, म्हणजे रानातल्या खिरणीच्या, खुंटावर बांधतात. कलमाच्या खालून रायण फुटते. तो फुटवा खुडला नाही तर झाड हिरवंगार दिसतं, लांबून बघणारा म्हणतो काय छान चिकू आहे, आणि चिकू आत कधीच मेलेला असतो.

मी सायलीला बोललो. जरा जास्त बोललो. म्हटलं, तुमच्या डिगऱ्या ह्या होयबासारख्याच, विचारलं की ओके. ती एरवी शांत मुलगी. त्या दिवशी खुर्चीवरून उठली.

"मामा, एक सांगू? तुमचे नियम फक्त तुमच्या डोक्यात आहेत. ती फाईल उघडली की मला एक ओळ कळत नाही. विचारलं की तुम्ही म्हणता, बघून शिका. कुठे बघू? तुमच्या डोक्यात?"

ती परत बसली. आणि हे तिचं काम, माझं नाही, ते सांगितलं पाहिजे: तिने कराराची फाईल कापायला घेतली. अर्धी ठेवायची, अर्धी काढायची, नवा कंपायलर चालवायचा. काही केल्या तुकडे होईनात. शेवटी फाईलीत जवळजवळ काही उरलं नाही. तिने वरची ओळही काढून बघितली आणि तुकडे झाले. मग ती मागे टेकली आणि मला बोलावलं. आता रागाने नाही.

"मामा, हा श्री."

नव्या कंपायलरला मराठी अक्षर सोसत नव्हतं. पुढे दोन रेघा असोत नाहीतर दहा, त्या अक्षराशी पोचला की तो समजायचा फाईल इथेच संपली. संपली म्हणजे रिकामी. रिकाम्या फाईलीत चूक कुठून असणार? म्हणून ओके. जुना कंपायलर ती ओळ इतकी वर्षं नमस्कार करून पुढे जात होता. हा दारातच थांबला आणि दर्शन झालं म्हणून सांगत घरी गेला.

आम्ही दोघं शेठकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे श्री काढायचं?"

"त्या कंपायलरला मराठी येत नाही, शेठ."

"मग त्याला शिकवा. दसऱ्याला घातलेलं श्री मी काढणार नाही. आणि तुम्ही काढाल, मामा?"

मी काढलं नसतं. हेही खरं. सायली एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती, आणि तिला हसू येत होतं की रडू हे तिलाच कळत नसावं. मी म्हटलं, श्री जागेवर राहील. पट्टी करतो. कुठल्याही कंपायलरला मूळ फाईल द्यायचीच नाही, तिची एक प्रत द्यायची. ज्याला जे पचत नाही ते त्याच्या प्रतीतून वाटेत काढायचं. आणि कंपायलर काहीही बोलो, ओके म्हणो, जय हिंद म्हणो, त्याच्या बोलण्यावर जायचं नाही. तुकडे खरोखर झालेत का आणि आत्ता झालेत का हे बघायचं. नसतील तर थांबायचं. शेठ म्हणाले, "किती वेळ?"

"लिहायला दुपार होईल. मग झाडून बिल्ड. संध्याकाळ."

"ते दुपारी चालू करतायत."

"मग थांबवा त्यांना."

शेठनी मॅनेजरना फोन लावला. गोड बोलले, माफी मागितली, मग नुसतं हो हो करत राहिले. फोन ठेवून मला म्हणाले, आणि हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही, "मामा, आज चालू करू देत. तुमचा हरेश्वर आहे ना तिथे? त्याला माहीत झालंय आकडा उलटा आहे म्हणून. तो सांभाळून घेईल. उद्या बदलू."

सांभाळून घेईल. ह्या दोन शब्दांवर अख्खी तारापूर एमआयडीसी चाललेली आहे. पाइप गळतो, सांभाळून घे. मास्क फाटलाय, सांभाळून घे. बोर्ड खोटं बोलतो, सांभाळून घे. आणि मग भोंगा वाजला की बेटेगावापर्यंतच्या बायका दारात येऊन उभ्या राहतात आणि आपल्या माणसाची शिफ्ट कुठली होती ते आठवायला लागतात. सांभाळून घेणारा नेहमी त्या खुर्चीतला असतो. सांगणारा कधीच नसतो. मी शेठना म्हटलं, "मग तुम्ही चला. त्याच्या शेजारी खुर्ची टाकतो. दोघं मिळून सांभाळा." त्यांनी समोरची फाईल ओढून उघडली. वाईट माणूस नव्हता तो. म्हणून तर जास्त राग येतो.

मी बाहेर येऊन हरेश्वरला फोन केला. म्हणणार होतो की नाही म्हण, पोटात दुखतंय म्हण, काहीही म्हण. तो म्हणाला, "भावोजी, आमी भायेर बसलोय, गेटाजवल. चाय पितोय."

"कोण कोण?"

"अख्खी शिफ्ट."

तिथे काय झालं ते त्याने मला नंतर सांगितलं. मॅनेजर आले आणि म्हणाले, "हरेश्वर, आत चल, वाफ सोडायचीय."

"नाय."

"नाय म्हणजे?"

"बोर्ड बरोबर झाला का बोलवा. लगेच येतो."

"मी सांगतोय तुला, मी जबाबदारी घेतो."

"घ्या की. पण तुमी तुमच्या केबिनमदी घेणार. मला तिथं बसून घ्यायला लागेल."

मॅनेजर मग बाकीच्यांकडे वळले. त्यांच्यातला एक बिहारचा हेल्पर, तो बसल्या जागेवरून म्हणाला, "साब, हरेस भाई नहीं जाएगा तो हम लोग अंदर जाके क्या करेगा? वॉल कौन सा है वो भी इसी को मालूम है." त्यावर सगळे हसले आणि मॅनेजर गेले.

इकडे आम्ही दोघं लागलो. मी सांगत होतो, सायली लिहीत होती. माझे नियम मी पहिल्यांदाच कोणाला तोंडाने सांगत होतो. ती मध्येच विचारायची, "हे असं का?" आणि मी "असंच" म्हणायच्या आधी ती म्हणायची, "असंच म्हणू नका." प्रत्येक ओळीवर तिने साध्या शब्दांत लिहून ठेवलं की ही ओळ कशासाठी. बिल्ड झालं. दोन्ही कंपायलरवर झालं, झाडून. उन्हं उतरता उतरता ती स्वतः स्कूटरवर घेऊन गेली. बोर्डावर चढवलं. हरेश्वरने थंड पाण्याचा वॉल बंद केला. दाब जागेवर. तीनदा केलं त्याने, आणि मग आपल्या खुर्चीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी कारखाना चालू झाला.

काही झालं नाही. हीच आमच्या धंद्याची गोची. झालं असतं तर पेपरात आलं असतं, चौकशी बसली असती, दोन-चार साहेब खुर्चीवरून उठले असते. नाही झालं, तर कोणी कशाला विचारील? पुढच्या महिन्यात हरेश्वरला कंट्रोल रूममधून काढून मागच्या आवारात टाकलं, रिकामे ड्रम मोजायला. सांगितलं काय, तर शिस्त. इतक्या वर्षांचा ऑपरेटर, ज्याला टाकीच्या आवाजावरून तापमान कळतं, तो उन्हात ड्रम मोजतोय. माझी बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जसा काही मीच त्याला तिथे नेऊन बसवला. तिचं तरी काय चुकलं.

आमच्याकडे शेठनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की आपल्या टीमने चूक वेळेत पकडली, टाळ्या वाजवा. टाळ्या वाजल्या. मी उभा राहून म्हटलं, टीमने नाही, हरेश्वरने पकडली. त्याला आज ड्रम मोजायला लावलंय, तुम्ही त्या मॅनेजरना एक शब्द बोला. शेठ म्हणाले, "मामा, गिऱ्हाइकाच्या घरातल्या गोष्टीत आपण कशाला पडायचं? आणि आपल्या कामात त्यांच्या माणसाचं नाव कशाला?"

मी खाली बसलो. मग जागेवर गेलो. त्या दिवशी घाईत केलेली पट्टी सायली नीट करत होती आणि शेवटच्या नियमाशी आली होती: कंपायलर ओके म्हणाला पण तुकडे झाले नसतील, तर बिल्ड थांबवायचं आणि पडद्यावर एक ओळ दाखवायची. तिने विचारलं, "मामा, काय लिहू? एरर म्हणून काय दाखवू?"

मी म्हटलं, "लिही. हरेश्वर नाय बोलतो."

तिने माझ्याकडे बघितलं आणि जसंच्या तसं लिहिलं. कोणाला विचारलं नाही.

मी रिटायर झालो. सायली पुण्याला मोठ्या कंपनीत गेली. शेठनी धंदा मुलाकडे दिला, मुलगा दसऱ्याला श्री लिहितो, आणि पट्टी ते श्री ज्याला पचत नाही त्याच्या वाटेतून गुपचूप काढते, मूळ जागेवर ठेवून. मशीनं बदलत राहतात. आता तिथे कोण मुलं आहेत मला माहीत नाही, त्यांनाही मी माहीत नाही.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला एक अनोळखी फोन आला. मुलगा होता, आवाज घाबरलेला. "मामा बोलतायत का? मी कंपनीतून. सायली मॅडमनी तुमचा नंबर दिला. बिल्ड थांबलंय आणि... हरेश्वर कोण?"

"काय बदललंत?"

"नवीन कंपायलर आलाय. तो सगळं ओके म्हणतोय."

"मग हरेश्वर बरोबर थांबलाय. तुकडे बघ. झालेलेच नसतील."

थोडा वेळ नुसता टकटक आवाज. मग तो म्हणाला, "नाही झालेत."

म्हटलं, पट्टीच्या वर साध्या शब्दांत लिहिलंय, ते वाच, तुला कळेल. आणि वाचल्याशिवाय काही चढवू नकोस.

रविवारी नवापूरला गेलो. हरेश्वर ओट्यावर बसून जाळं सांधत होता. शिस्त अजून चालूच आहे, ड्रम अजून तोच मोजतो. मी त्याला सगळं सांगितलं, की तुझं नाव तिथे लिहिलेलं आहे, कुठला कंपायलर खोटं बोलला की तू बाहेर येतोस.

तो जाळ्यातून डोकं वर न काढता म्हणाला, "तिथंबी मीच आडवा?"

"हो."

"मग पोरग्याने काय केला? चालू केला, सांबालून घेतो बोलून?"

"नाही. थांबला. आधी मला फोन केला."

त्याने सुतळी दाताने तोडली.

"मग तुमचा मशीन बरा, भावोजी. नाय बोलला तर थांबते तरी."